न मरणारी माणसं मुंबईत आणताना : वाचकांचे प्रश्न

शहरी फँटसी लिहिणाऱ्यांच्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा येतो आहे. शहर आजचं, बहुतेकांचं मुंबई, आणि त्यात कधीही न मरणारी माणसं. निवडक प्रश्न आणि उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : माझ्या कादंबरीत गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात मुंजा, समंध, गिऱ्हा आणि एक राखणदार आहेत. आता चार-पाच अमर माणसं आणायची आहेत, पण ती भुतांसारखीच वाटतात. फरक कसा ठेवू? (एक वाचक, डोंबिवली)

तुमची भुतं आपापल्या जागेला बांधलेली आहेत. मुंजा पिंपळाला, गिऱ्हा पाण्याला, राखणदार गावाच्या शिवेला. समंधाची इच्छा अपुरी राहिलेली असते. अमर माणसाला यातलं काहीच नाही. त्याला आहे ते फक्त शरीर. म्हणजे भूक आहे, दाढदुखी आहे, महिन्याचं भाडं आहे. तो पहिल्यांदा येतो त्या प्रसंगात त्याला एखादी साधी शारीरिक गरज द्या. लोकलमधून उतरताना चपलेचा अंगठा तुटला आणि आता चांभार शोधायचा आहे, एवढंही पुरतं. मुंज्याला चप्पल लागत नाही.

मग साचा ठरवा. आपल्याकडे तीन तयार आहेत, चौथा ग्रीकांचा.

अश्वत्थाम्याचा साचा : जगणं हीच शिक्षा आणि जखम भरत नाही. लोकसमजुतीत तो जखमेसाठी तेल मागत फिरतो. पण सौप्तिकपर्वात कृष्णाने दिलेल्या शापाची मुदत ३००० वर्षं आहे, अनंत काळ नाही. परंपरेने कलियुगाचा आरंभ इ. स. पू. ३१०२ मध्ये धरतात. त्या हिशेबाने ही मुदत इसवी सन सुरू होण्याआधीच संपली. तरी तो फिरतोच आहे असं लोक म्हणतात. मग त्याला आता कोणी अडवलं आहे? या एका प्रश्नावर कादंबरी उभी राहू शकते.

ययातीचा साचा : तारुण्य दुसऱ्याकडून घेतलेलं, ययातीने ते मुलाकडून, पुरूकडून, घेतलं तसं. इथे पुरू कोण, हे वाचकाला दिसलं पाहिजे. ज्याचं वय गेलं तो पडद्याआड राहिला तर हा साचा पोकळ वाटतो.

चांगदेवाचा साचा : काळ येतो तेव्हा योगबळाने प्राण वर चढवून त्याला चुकवायचं, असं करत चौदाशे वर्षं काढली, ही आख्यायिका. इथे अमरत्व एकदा मिळालं आणि संपलं असं होत नाही. दर शंभर वर्षांनी तीच परीक्षा, आणि प्रत्येक वेळी हुकण्याची शक्यता. शहरी कथेसाठी हाच साचा आम्हाला सर्वांत चांगला वाटतो, कारण तारीख जवळ येत राहते.

ग्रीक टिथोनसला अमरत्व मिळालं, तारुण्य मागायचं राहून गेलं. असं एखादंच पात्र ठेवा आणि त्याला फार बोलायला लावू नका.

एका कादंबरीत दोनहून जास्त साचे मिसळू नका. तिसरा आला की वाचक नियम पाठ करत बसतो.

पहिलं प्रकरण लिहिण्याआधी पाच गोष्टींची उत्तरं वहीत लिहून ठेवा : खरचटलं तर, हाड मोडलं तर, बोट तुटलं तर, बुडाला तर, भाजला तर काय होतं? आणि दातांचं काय? बहुतेक हस्तलिखितं इथेच फसतात. दुधाचे दात पडल्यावर माणसाला ३२ दातांचा एकच संच मिळतो आणि दातावरचं कवच झिजलं की पुन्हा तयार होत नाही. नीट ठरवलं नाहीत तर तुमचा चारशे वर्षांचा देखणा नायक प्रत्यक्षात बोळका असायला हवा. एकतर कवळी द्या, नाहीतर दात पुन्हा येतात असा नियम करा. नियम केलात तर पडलेले दात तो कुठे ठेवतो, तेही ठरवा.

प्रश्न : अमर माणसं किती असावीत? मला तीनशे हवी आहेत. (एक वाचक, नागपूर)

म्हातारपण थांबलं तरी मरण थांबत नाही. होडी उलटते, पटकी येते, घर पेटतं. दर हजारात वर्षाला एक जण अशा कारणाने जातो असं धरलं, तर निम्मे संपायला ६९३ वर्षं लागतात. हजारांपैकी हजार वर्षांनी ३६८ उरतात, दोन हजार वर्षांनी १३५ आणि तीन हजार वर्षांनी जेमतेम ५०. जुना काळ अधिक खडतर होता म्हणून हजारी पाच धरले, तर निम्मे १३८ वर्षांतच जातात आणि हजार वर्षांनी हजारांपैकी सहा-सात उरतात. फार जुनी माणसं दुर्मीळ का, याचं उत्तर इथेच मिळतं. वेगळा शाप शोधायला नको.

तुमचे तीनशे कायम राहायचे असतील, तर पहिल्या दराने दहा वर्षांत तीन नवे अमर लागतात, दुसऱ्या दराने दोन वर्षांत तीन. ते येतात कुठून आणि निवडतं कोण? याचं उत्तर नसेल तर आकडा कमी करा. तीनशे पार्श्वभूमीला असू द्या, नावाने ओळखता येतील असे पाच ते सातच ठेवा. आणि काही केलं तरी मरतच नाही असा नियम मात्र करू नका. त्यात संख्या फक्त वाढत जाते आणि मारामारीच्या प्रसंगात वाचकाला कुणाचीच काळजी वाटत नाही.

आणखी एक. जुने अमर मूळचे मुंबईचे दाखवू नका. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने वर्षाला दहा पौंड भाड्याने ही बेटं ईस्ट इंडिया कंपनीला दिली, तेव्हा इथली वस्ती लहान होती, आणि लहान वस्तीत न बदलणारा चेहरा लपत नाही. ते येतील जुन्या बंदरांतून : सोपारा, कल्याण, चौल, ठाणे. सोपाऱ्यात अशोकाचा शिलालेख सापडला आहे. तिथून ठाणे, मग वसई, आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्या धामधुमीत मुंबई, असा प्रवास सहज पटतो.

प्रश्न : माझा नायक १७५० च्या सुमारास जन्मलेला, दिसायला पस्तिशीचा, गिरगावातल्या चाळीत राहणारा. आधार, पॅन, रेशनकार्ड यांतून तो कसा निभावतो? की हा भाग टाळून पुढे जाऊ? (एक वाचक, पुणे)

टाळू नका. गिरगाव खरं वाटायचं तर त्यात भाडेपावती, रेशनकार्ड आणि शाळेचा दाखला हवा. काळाचे तीन तुकडे करा.

पहिला, १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या आधीचा. तेव्हाही नोंदी होत, पण सगळीकडे सारख्या नव्हत्या आणि जन्मदाखला मागणारंही फारसं कोणी नव्हतं. पंचवीस-तीस वर्षं एका जागी काढायची, मग ‘काशीला जातो’ म्हणून निघायचं. वर्ष-दोन वर्षांनी काशीहून पत्र येतं की ते गेले. आणखी काही वर्षांनी पुतण्या येतो, ‘अगदी काकांवर गेलाय’ असं म्हणवून घेत.

दुसरा तुकडा, १९६९ ते २०१०. इथे सगळ्याचं मूळ म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. गावच्या शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून टाकून देत, त्यामुळे महाराष्ट्रात असंख्य लोकांचा कागदोपत्री वाढदिवस १ जूनला असतो. तुमच्या नायकाचाही तोच असू द्या. आधी दाखला, त्यावर रेशनकार्डात नाव, मग मतदारयादी, मग पॅन. हा क्रम उलटा केलात तर जाणता वाचक पकडेल.

तिसरा तुकडा सगळ्यांत अवघड, आणि म्हणूनच सगळ्यांत कामाचा. पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. त्यात दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांची बुबुळं घेतात, आणि क्रमांक देण्याआधी ती आधीच्या नोंदींशी ताडून पाहतात. एका शरीराला एकच क्रमांक. म्हणजे स्वतःचाच पुतण्या होण्याची अडीचशे वर्षांची युक्ती इथे संपते. हिशेब करून पाहा. २०११ मध्ये त्याने वय ३५ सांगितलं, तर कागदावर जन्म १ जून १९७६. २०३६ मध्ये कागद साठीचा होतो आणि चेहरा पस्तिशीचाच राहतो. केसांना पांढरा रंग, जाड चष्मा, ढगळ सदरा, थोडं वाकून चालणं, यांवर तोवर निभेल. २०४६ ला सत्तरी आली की नाही निभणार. कथेचं वर्ष या दोन आकड्यांच्या मधे ठेवलंत तर ताण वेगळा निर्माण करावा लागत नाही.

चांगदेवाचा साचा घेतला असेल आणि दर परीक्षेनंतर शरीर नवं होतं असा नियम केला असेल, तर ठसेही नवे का, हे ठरवा. नवे असतील तर उलटी अडचण येते : स्वतःच्याच बँकेत त्याचा अंगठा जुळत नाही. कष्टाची कामं करणाऱ्यांचे ठसे झिजून यंत्र ओळखत नाही हे खरोखर घडतं, त्यामुळे सबब तयार आहे. पण ती एकदाच चालेल.

राहायला पागडीची खोली उत्तम. भाडं थोडं असतं, आणि भाडेकरू वारला तर भाडेहक्क त्याच्याजवळ राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. अडचण ‘वारला’ या शब्दाची आहे. मृत्यूच्या दाखल्याला डॉक्टरांचं कारणासहित प्रमाणपत्र लागतं, म्हणजे प्रेत लागतं. दुसरी वाट बेपत्ता होण्याची. ज्यांना खबर असायला हवी त्यांनी सात वर्षं काहीच ऐकलं नाही, तर कायदा माणूस मृत असल्याचं गृहीत धरतो. मग त्या सात वर्षांत खोलीचं भाडं कोण भरतं? इथे तुम्हाला एक पाठीराखं कुटुंब लागेल : पणजोबांनी आजोबांना सांगितलं, आजोबांनी बापाला. त्यातली आताची मुलगी हे गुपित पुढे न्यायला तयार नाही असं दाखवलंत, तर ती नायकाहून महत्त्वाची होईल. होऊ द्या.

पेन्शन मात्र त्याला कधीही देऊ नका. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. केंद्र सरकारी निवृत्तिवेतन तर ८० व्या वर्षापासून २० टक्क्यांनी वाढतं आणि शंभरीला मूळ रक्कम दुप्पट होते. इतक्या वयाच्या माणसाची फाईल आपोआप वर येते.

आणि एवढं सगळं जमलं तरी शेजारी उरतातच. चाळीला गॅलरी एक, नळ एक, गणपती एक. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून गणेशोत्सव होतो. अशा जुन्या मंडळांच्या भिंतींवर वर्षानुवर्षांचे सामूहिक फोटो लागलेले असतात. १९७८ चा आणि २००८ चा फोटो शेजारी शेजारी आला की संपलं. म्हणून तुमचा नायक दर वर्षी कॅमेऱ्यामागे उभा राहतो, ‘मी काढतो, तुम्ही बसा’ म्हणत. पण एका वर्षी तो तापाने फणफणला होता आणि कोणीतरी त्याला ओढून रांगेत उभं केलं. आज चाळीतला एखादा पोरगा ते सगळे फोटो मोबाइलवर घेतो आणि फोन आपणहून सारखे चेहरे एका नावाखाली लावतो. रहस्य फुटायला जादूगार लागत नाही.

प्रश्न : वैद्यकीय तपासणीत असा माणूस ओळखू येईल का? (दंतवैद्यकाची एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

तुमच्याच विषयातून येईल. १९५५ ते १९६३ च्या दरम्यान झालेल्या अणुस्फोट चाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा हळूहळू घटत जाणारा किरणोत्सारी प्रकार, जवळपास दुप्पट झालं, आणि त्यानंतर ते हळूहळू उतरत गेलं. दाताचं कवच एकदा बनलं की बदलत नाही, म्हणून त्यातल्या कार्बनवरून ते कधी बनलं हे कळतं. न्यायवैद्यकात ही पद्धत वापरली जाते. आज पस्तिशीच्या दिसणाऱ्या माणसाच्या कवचात त्या वाढीचा मागमूसच नाही, हे एका अहवालावरून उघड होईल. आठशे वर्षांपूर्वीचं कवच असेल तर मूळ कार्बन-१४ पैकी सुमारे ९ टक्के घटलेलं दिसेल.

दात पुन्हा येतात असा नियम केला असेल, तर हे घड्याळ दर वेळी शून्यावर येतं आणि पुरावा तोंडातून निघून त्या पडलेल्या दातांच्या डबीत जातो. मग खलनायक माणूस सोडून डबी शोधतो.

दंड पाहायला विसरू नका. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ चा. त्यामुळे ऐंशीच्या दशकानंतर जन्मलेल्यांच्या दंडावर देवीच्या लशीचा व्रण सहसा नसतो. त्याच्या दंडावर तो असला, तर निरखून पाहणारी परिचारिका थबकेल.

प्रश्न : जुन्या काळचा माणूस आज कसा बोलेल? मी त्याला बखरीच्या भाषेत बोलायला लावलं, तर नाटकी वाटलं. (एक वाचक, सातारा)

वाटणारच. तो झोपून उठलेला नाही, मधली अडीचशे वर्षं रोज बोलत आला आहे. त्याची बोली आजचीच असेल. जुनेपण हातात राहतं, जिभेवर कमी.

त्याचं लिहिणं पाहा. त्याचा हात मोडीवर घडलेला. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरं लटकवतात आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी-उकारांचा भेद नसतो. म्हणून तो बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, लिहितो तेव्हाही रेघ आधी ओढतो आणि ‘मी’ची वेलांटी कधी पहिली, कधी दुसरी पडते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो बालबोधीत नीट लिहायला शिकला असेल तर ‘घरांत’, ‘केलें’ असे अनुस्वार देईल, कारण ते गाळण्याचा नियम १९६२ चा. मात्र विरामचिन्हं तो जपून वापरतो, ती इंग्रजी अमदानीत आली. पत्र संपवताना ‘बहुत काय लिहिणे’ एकदा येऊ द्या, दुसऱ्यांदा नको.

चुका नात्यांत होऊ द्या. शेजारच्या ऐंशी वर्षांच्या गृहस्थांना त्याने पाळण्यात पाहिलेलं असतं आणि आता त्यांना ‘आजोबा’ म्हणायचं असतं. घाईत ‘अरे, जिना सांभाळ’ निघून जातं. ऐकणारा रागावत नाही, नुसता बघत राहतो. असा एक प्रसंग दहा पानी बखरीहून जास्त सांगतो.

घड्याळही वापरा. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून आली, पण मुंबईची स्वतःची वेळ ३९ मिनिटं मागे होती आणि शहराने ती १९५५ पर्यंत सोडली नाही. त्याच्या भिंतीवरचं घड्याळ आजही ३९ मिनिटं मागे असू द्या, आणि कोणी ‘लावून देऊ का?’ विचारलं की तो नको म्हणेल. जेवणाचं म्हणाल तर मिरची पोर्तुगीजांबरोबर आली. यादवकाळात जन्मलेली बाई तिखट म्हणताना आजही मिऱ्यांचाच विचार करेल.

प्रश्न : इतकी वर्षं जगलेला माणूस अफाट श्रीमंत असणार. मग कथेत अडचण कसली? (एक वाचक, मडगाव)

पाच टक्के चक्रवाढीने एका रुपयाचे दोनशे वर्षांत १७,२९२ होतात, हे खरं. पण दोनशे वर्षं टिकलेली पेढी लागते. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं आणि १८६५ मध्ये मुंबईचा शेअरबाजार कोसळला, त्या धक्क्यात बँक ऑफ बॉम्बेसुद्धा बुडाली. सोनं म्हणाल तर १९६८ ते १९९० या काळात सुवर्ण नियंत्रण कायदा होता, चिपा बाळगायला बंदी. जमीन म्हणाल तर कूळकायदा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कसणारी कुळं जमिनीची मालक झाली. आणि त्याच दिवशी आणे-पै जाऊन नवे पैसे आले. कोकणातल्या अमर खोताचं एक अख्खं प्रकरण या एका दिवसावर लिहा. सकाळी जमीन गेली, संध्याकाळी दुकानात त्याला सुटे पैसे मोजता येत नाहीत.

प्रश्न : भूतकाळ प्रत्येक प्रकरणात थोडा थोडा द्यावा की एकदम? (एक वाचक, ठाणे)

आधी तो सगळा सलग लिहून काढा, तुमच्यापुरता, वर्षवार. मग कादंबरीत त्यातला दहावा हिस्सा घ्या, आणि तोही जमिनीतून येऊ द्या. स्टेशनांची जुनी नावं पुरत नाहीत. प्रभादेवीला एल्फिन्स्टन म्हणणारे आजही लोकलमध्ये भरपूर भेटतात, ते नाव २०१८ मध्येच बदललं. त्याहून खोल जा. १७८० च्या दशकात महालक्ष्मी आणि वरळीच्या मधला बांध होईपर्यंत भरतीचं पाणी आत शिरायचं आणि भायखळ्यापर्यंतची सखल जमीन दलदलीची असायची. पायधुणी हे नावच ओहोळातून पाय धुऊन पलीकडे जाण्यावरून पडलं असं सांगतात. वरच्या पुण्याच्या वाचकाच्या, १७५० च्या नायकाने तो ओहोळ ओलांडलेला आहे. आज तो तिथल्या गर्दीतून, हातगाड्या चुकवत, मोबाइलवर बोलत जातो. एका ठरावीक जागी आला की त्याचा वेग कमी होतो आणि तो हाताने विजारीचा पाय किंचित वर उचलतो. कारण सांगू नका. सव्वाशे पानांनंतर मुसळधार पावसात तो रस्ता पाण्याखाली जाईल तेव्हा वाचकाला ती हालचाल आपणहून आठवेल.